भेंडी आणि कांदा : परसांतील बियाण्याचा इतिहास



इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, तह आणि ताम्रपट डोळ्यांसमोर उभे राहतात. मागच्या दारीं चार हात जागेंत किंवा गच्चीवरील कुंडींत जें उगवतें त्यालाही इतिहास असतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. भेंडीचें एक बीं तळहातावर घेऊन पाहावें. तें वाटोळें, हिरवट-करड्या रंगाचें आणि टणक असतें. कांद्याचें बीं त्याहून लहान, कोनेदार आणि कोळशाच्या चुऱ्याप्रमाणें काळें. दोन्ही दिसण्यांत क्षुद्र. परंतु या दोन बियांमागें हजारों वर्षांचा प्रवास, अगणित अनाम हातांची निवड आणि गेल्या शंभर वर्षांतील पुष्कळशी शास्त्रीय धडपड सांठलेली आहे.

हा इतिहास केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. बाजारांतून आपण बियांची पुडी आणतों. तिच्यावर वाणाचें नांव असतें, उगवणीचा शेंकडा असतो, वापरण्याची मुदत असते. परंतु तें वाण मुळांत कोणीं निवडलें, आणि आपल्या झाडाचें बीं धरून पुढच्या वर्षीं पेरलें तर तेंच वाण पुन्हा मिळेल कीं नाहीं, या दोन प्रश्नांचीं उत्तरें पुडीवर क्वचितच सांपडतात. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे. आणि पहिल्याचें उत्तर इतिहासाकडेच मागावें लागतें.

प्रथम भेंडी घेऊं. लिनिअस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं वनस्पतींचें नामकरण केलें तेव्हां भेंडीला त्यानें जास्वंदीच्या गणांत बसविलें. भेंडीचें पिवळें, तळाशीं किरमिजी डाग असलेलें फूल ज्यानें न्याहाळलें असेल त्याला हें नातें सांगावयास नको. पुढें १७९४ सालीं मोएंख यानें तिला निराळ्या गणांत घातलें. पण भेंडी मूळची कोठली? सेव्हिल शहराचा अबुल अब्बास अन्-नबाती हा वनस्पतिवेत्ता १२१६ सालीं मिसर देशांत गेला होता. तेथें ही भाजी लावलेली पाहून त्यानें तिचें वर्णन लिहून ठेविलें. तिच्या जुन्या लेखी वर्णनांत याची गणना होते. इंग्रजींतील 'ओक्रा' हा शब्द पश्चिम आफ्रिकेंतील इग्बो भाषेंतून आला, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागांत रूढ असलेला 'गंबो' हा शब्द बांटू भाषांतून आला. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर हें बीं अटलांटिकपार गेलें. १६५८ च्या सुमारास ब्राझीलमध्यें आणि १७८१ सालीं व्हर्जिनियांत भेंडी असल्याचे उल्लेख सांपडतात. ज्यांचें सर्वस्व हिरावून घेतलें गेलें त्यांच्याबरोबर एक भाजी आणि तिचें नांव मात्र समुद्र ओलांडून गेलें, ही गोष्ट बियाण्याच्या इतिहासांत विसरण्यासारखी नाहीं.

आतां हिंदुस्थानची बाजू. पाल व सिंग या शास्त्रज्ञांनीं १९५२ सालीं आपल्या देशांतील एका रानभेंडीचें वर्णन केलें. तिच्या पेशींत गुणसूत्रें ५८ असतात. आपल्या नेहमींच्या भेंडींत सुमारें १३० असतात. १९५६ सालीं जोशी व हरदास यांनीं असें दाखविलें कीं, आपली भेंडी ही दोन निरनिराळ्या जातींच्या संयोगापासून झालेली असावी आणि त्यांपैकीं एक बाजू या रानभेंडीची आहे. दुसरी बाजू बहुधा ७२ गुणसूत्रांच्या दुसऱ्या एका रानटी जातीची. ५८ आणि ७२ यांची बेरीज १३० होते, हें श्रोत्यांच्या लक्षांत आलेंच असेल. म्हणजे शब्द आणि जुने लेख आफ्रिकेकडे बोट दाखवितात, तर पेशींतील साक्ष निदान अर्ध्या कुळापुरती हिंदुस्थानकडे वळते. दोन्ही पक्षांना पुरावा आहे. आणि भेंडीला दोन माहेरें असलीं तर त्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं.

कांद्याचा वृत्तान्त याहून प्राचीन. मध्य आशिया, इराण, अफगाणिस्थान या पट्ट्यांत त्याचे रानटी भाईबंद आढळतात, म्हणून त्याचें मूळ तिकडे मानितात. मिसर देशांत चवथ्या रामेसीस राजाच्या जतन केलेल्या शवाच्या डोळ्यांच्या खांचांत कांदे बसविलेले आढळले. आपल्याकडे वैद्यांनीं पलांडूचे गुण वर्णिले आणि स्मृतिकारांनीं तो वर्ज्य ठरविला. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसणाबरोबर त्याचाही निषेध आहे. सातव्या शतकांत आलेला चिनी यात्रेकरू युआन च्वांग यानें लिहून ठेविलें आहे कीं, या देशांत कांदा-लसूण खाणारे थोडे असून, खाणाऱ्याला वस्तीबाहेर राहावें लागतें. परंतु निषेध होता याचाच अर्थ खाणारे होते. अरणच्या सावता महाराजांच्या अभंगांत मळ्यांतल्या कांद्याला मानाची जागा मिळाली, आणि महाराष्ट्रानें आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून घेतली. त्यानंतर दोनच दिवसांनीं एकादशी येते व चातुर्मास सुरू होतो. त्याच सुमारास पावसाळी दमट हवेनें सांठवणीचा कांदा सडूं लागतो. धर्मनियमाचें कारण हेंच होतें असें माझें म्हणणें नाहीं. पण पंचांग आणि कांद्याची चाळ यांचा मेळ कसा बसला आहे तें पाहण्यासारखें आहे.

येथें या दोन वनस्पतींच्या स्वभावांतील भेद समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सर्व इतिहास त्यावर उभा आहे. भेंडी एका हंगामाची आहे. पेरल्यापासून पन्नासएक दिवसांत फळ देते. तिचें फूल सकाळीं उमलून त्याच दिवशीं मिटतें, आणि पुंकेसर व स्त्रीकेसर एकाच फुलांत शेजारीं असल्यामुळें बहुधा स्वतःच्याच परागानें फळ धरतें. मधमाश्या व भुंगे कांहीं पराग इकडून तिकडे नेतात. त्यामुळें शेंकडा चार-पांचांपासून एकोणीस-वीसपर्यंत बिया परक्या परागाच्या निघतात, क्वचित् त्याहूनही अधिक. कांद्याचा संसार दोन हंगामांचा. पहिल्या हंगामांत बियांपासून कंद होतो. तो कंद पुन्हां जमिनींत लावावा तेव्हां त्याला उंच पोकळ दांडा येतो, दांड्याच्या टोंकाला शेंकडों पांढऱ्या फुलांचा गोंडा लागतो आणि उन्हाळ्यांत त्यांतून काळें बीं मिळतें. शिवाय कांद्याच्या फुलांत पराग आधीं झडतो आणि स्त्रीकेसर मागाहून पक्व होतो. म्हणून फुलाला आपल्याच परागाचा उपयोग नाहीं. दुसऱ्या फुलाचा पराग माशीनें आणून द्यावा तेव्हांच काम होतें.

यावरून एक गोष्ट सहज निघते. भेंडीचें बीं धरण्यासाठीं एखादें झाड न तोडतां ठेवलें म्हणजे पुरें. कांद्याचें बीं धरावयाचें तर उत्तमोत्तम कांदे न खातां, न विकतां, पुन्हां मातींत घालावे लागतात आणि आणखी एक हंगाम वाट पाहावी लागते. हातचा चांगला कांदा मातींत पुरणें गरिबाला सोपें नव्हतें. तरीही पिढ्यानुपिढ्या तें झालें, म्हणून तर आज आपल्यापुढें इतके वाण आहेत.

हे वाण कोणीं केले? ज्यांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत नाहींत अशा माळी-कुणब्यांनीं आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांनीं. पावसाळ्यांत टिकाव धरणारा पोळ कांदा, त्यामागून येणारा रांगडा आणि चाळींत महिनोन् महिने राहणारा उन्हाळी कांदा, हे तीन हंगामांचे तीन स्वभाव निवडीनेंच पक्के झाले. अलिबागचा पांढरा कांदा पाहा. भातकापणी झाल्यावर खाचरांत उरलेल्या ओलीवर तो लावितात. त्याची चव गोडसर. पातीसकट वाळवून त्याच्या माळा विणतात, आणि त्या माळा विणण्याचें कसब मुख्यतः स्त्रियांच्या हातांत आहे. त्याचें बीं त्या गांवांनीं घरोघर जपलें. २०२२ सालीं या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालें; लासलगांवच्या कांद्याला तें २०१६ सालीं मिळालें होतें. कायद्यानें शिक्का मारला तो अलीकडे. मूळ निवड मात्र अशा स्त्री-पुरुषांची, ज्यांना 'वाण' शब्दाची शास्त्रीय व्याख्या कोणीं सांगितली नव्हती.

पुडीचें बियाणें आपल्या शहरांत आलें तें इंग्रजी अमदानींत. विल्यम कॅरी यांनीं १८२० सालीं कलकत्त्यास कृषि व उद्यानविद्येची संस्था काढली. परदेशांतील भाज्यांचें व फळांचें बियाणें आणविणें व वांटणें हा तिच्या कामाचा भाग होता. पुण्यास पेस्तनजी पोचा यांची बियाण्याची पेढी १८८४ पासून चालूं झाली. कोबी, फुलकोबी, सालाद हीं बियाणीं अशा मार्गांनीं बंगल्यांच्या बागांत आणि तेथून मळ्यांत शिरलीं. पण विलायती कांद्याच्या बियाण्यानें कित्येकांची निराशा केली असली पाहिजे. कारण पात जोरांत येते आणि कंद मात्र धरत नाहीं, हा त्याचा आपल्याकडील धर्मच आहे. दोष मातीचा नाहीं, खताचा नाहीं, माळ्याच्या हाताचाही नाहीं. दोष दिनमानाचा!

ही उकल विसाव्या शतकांत झाली. वनस्पतींचें फुलणें-फळणें दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतें, हें गार्नर व अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं तंबाखू वगैरे पिकांवरून सिद्ध केलें. १९३७ सालीं मॅग्रूडर व अलार्ड यांनीं अमेरिकन व युरोपी कांद्यांच्या जाती घेऊन त्यांचा कंद दिवसाच्या लांबीप्रमाणें कसा धरतो तें दाखविलें. उत्तरेकडील देशांतील कांद्याला कंद धरण्यास चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो. लंडन येथें उन्हाळ्यांतील सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो. मुंबई-पुण्याकडे तो सव्वातेरा तासांच्या आसपास; आणि ज्या हिंवाळ्यांत आपला उन्हाळी कांदा वाढतो तेव्हां तर अकरा-बारा तासांचा. विलायती रोप बिचारें लांब दिवसाची वाट पाहत पातच वाढवीत राहतें. आपल्या पूर्वजांनीं निवडलेला कांदा थोड्या दिनमानावर कंद धरतो. त्यांना हें सूत्र ठाऊक नव्हतें. पण ज्याला कंद धरला त्याचेंच बीं ठेवावयाचें, एवढा एक नियम ठाऊक होता आणि तो पुरेसा झाला. म्हणून आजही घरीं कांदा लावतांना पुडीवरील सुंदर चित्रापेक्षां तें वाण आपल्या दिनमानाचें आणि आपल्या हंगामाचें आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

भेंडीवर मात्र निराळेंच संकट आलें. १९२४ सालीं मुंबई इलाख्यांतील पिकांच्या रोगांची हकीकत लिहितांना कुलकर्णी यांनीं भेंडीच्या एका विकाराची नोंद केली. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळें पान पिवळें होतें, फळ फिकट आणि राठ निघतें. शेतकरी याला केवडा म्हणतात; नांव सुवासिक, पण रोग घातकी. उप्पल, वर्मा व कपूर यांनीं १९४० सालीं हा रोग सूक्ष्म विषाणूचा आहे असें ठरवून त्याला नांव दिलें. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषून निरोगी झाडावर बसते आणि रोग पसरविते. रोप कोंवळें असतांना तो आला तर पीक जवळजवळ हातचें गेलेंच समजावें.

यावर उपाय शोधतांना शास्त्रज्ञांना बियाण्याच्या जुन्या सांठ्याकडेच वळावें लागलें. बंगालमधून जमविलेल्या भेंडीच्या एका नमुन्यांत विषाणू शिरला तरी रोगाचीं लक्षणें दिसत नसत. दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेंत हरभजन सिंग यांनीं त्याचा 'पुसा मखमली' या वाणाशीं संकर केला आणि त्यांतून १९६० च्या सुमारास 'पुसा सावनी' हें प्रसिद्ध वाण निघालें. तें देशभर पसरलें. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनीं आपल्या बियाणें-व्यवसायाचा आरंभ याच भेंडीच्या बियाण्यानें केला. १९६४ सालीं त्यांनीं महिको ही कंपनी स्थापन केली आणि १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रांतील एका मोठ्या बियाणें-उद्योगाच्या मुळाशीं अशी ही एक साधी भाजी आहे.

परंतु निसर्गांत कोणताही विजय कायमचा नसतो. कांहीं वर्षांनीं पुसा सावनीवरही केवडा दिसूं लागला. मग परभणीच्या मराठवाडा कृषि विद्यापीठांत जांभळे व नेरकर यांनीं अधिक दूरचा मार्ग धरला. त्यांनीं पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका निराळ्या रानटी जातीशीं केला. असल्या संकरांत वंध्यत्वाची मोठी अडचण असते. म्हणून संततीचा पुन्हां पुन्हां भेंडीशीं संकर करून, रोगाला दाद न देणारीं आणि तरीही भाजीच्या कामाचीं झाडें पिढ्यान् पिढ्या निवडावीं लागलीं. त्यांतून 'परभणी क्रांति' हें वाण सिद्ध झालें. त्याचें शास्त्रीय वृत्त १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. बंगळूरच्या फलसंशोधन संस्थेनेंही रानटी जातीच्या आधारें 'अर्का अनामिका' हें वाण तयार केलें. हीं दोन्ही सरळ वाणें आहेत, म्हणजे त्यांचें बीं घरीं धरतां येतें. त्यांची प्रतिकारशक्तिही ठिकठिकाणीं उणावली, कारण विषाणूही आपलें रूप पालटीत असतो. यावरून घेण्याचा बोध असा कीं, वाण म्हणजे एकदां बांधून झालेली इमारत नव्हे. तिची डागडुजी सतत चालूं असावी लागते, आणि त्या डागडुजीचें सामान रानभेंडींत व जुन्या गांवठी भेंडींतच मिळतें. गांवठी बीं नाहींसें झालें तर उद्यांच्या संकटांत हात घालावयास कोठारच उरणार नाहीं.

कांद्याच्या बाबतींत नाशिक जिल्ह्यानें मोठें काम केलें. निफाड आणि पिंपळगांव बसवंत येथील संशोधन-केंद्रांत स्थानिक कांद्यांतूनच निवड करून वाण सिद्ध करण्यांत आले. खरिपासाठीं 'एन-५३' आणि 'बसवंत-७८०', तर रब्बीसाठीं 'एन-२-४-१'. यांतील शेंवटला पांच-सहा महिने टिकतो, म्हणून चाळींत घालण्यास योग्य. नाशिकच्याच दुसऱ्या एका संस्थेनें 'ॲग्रिफाउंड डार्क रेड' हा पावसाळी कांदा दिला. पुढें केंद्र सरकारनें १९९४ सालीं कांदा व लसूण यांसाठीं स्वतंत्र संशोधन-केंद्र स्थापिलें. तें राजगुरुनगर येथें असून 'भीमा' नांवाच्या वाणांची मालिका त्याच्याकडून आली. नांवें रुक्ष आणि आंकड्यांचीं आहेत. पण प्रत्येक आंकड्यामागें कोणा शेतकऱ्याच्या उतरंडींत राखेंत मिसळून ठेविलेलें बीं आहे, हें विसरूं नये.

आतां संकरित बियाण्याची गोष्ट. कॅलिफोर्नियांत डेव्हिस येथें हेन्री जोन्स यांना १९२५ सालीं 'इटालियन रेड' या कांद्याचें एक विलक्षण झाड सांपडलें. त्याच्या फुलांत जिवंत परागच नव्हता. असें झाड आपल्या परागानें बीं धरूंच शकत नाहीं. सुदैवानें त्याच्या गोंड्यांत फुलांबरोबर लहान कंदिका धरल्या. त्यांवरून तें झाड जिवंत राखतां आलें. वांझ परागाचें हें वैगुण्य बीजोत्पादकाला वरदान ठरलें. कारण शेजारीं ज्या वाणाची ओळ लावावी त्याच्याच परागानें सर्व बीं धरतें आणि हजारों फुलांतील पुंकेसर हातानें काढावे लागत नाहींत. या गुणाचा वारसा कसा चालतो तें जोन्स व क्लार्क यांनीं १९४३ सालीं उलगडलें, आणि संकरित कांद्याचें युग सुरू झालें. भेंडीच्या संकराचें काम बहुधा हातांनींच होतें. सायंकाळीं उमलण्याच्या बेतांत असलेल्या कळींतून पुंकेसर काढून टाकावयाचे, सकाळीं दुसऱ्या वाणाचा पराग लावावयाचा आणि खुणेचा दोरा बांधावयाचा. हें नाजूक काम बियाण्याच्या शेतांवर बहुशः स्त्रियाच करतात. संकरित भेंडीची पुडी महाग असते त्याचें एक कारण हे हात आहेत.

संकरित वाणाचे गुण खरे आहेत. पीक भरघोस, फळ एकसारखें, झाड जोमदार. पण त्या झाडाचें बीं धरून पेरलें तर पुढच्या पिढींत आजोबा-आजींचे गुण विखरून बाहेर पडतात. एक झाड उंच, एक खुजें, एकाची भेंडी पांच धारांची तर दुसऱ्याची आणखी कांहीं. म्हणून दरवर्षीं पुडी विकत घ्यावी लागते. यांत कोणाची लबाडी नाहीं. तो निसर्गाचा नियम आहे, आणि व्यापार त्या नियमावर उभा आहे. मात्र त्याचा परिणाम असा झाला कीं, बीं धरण्याची विद्याच घरांतून उठून गेली. १९६६ च्या बियाणें कायद्यानें विक्रीच्या बियाण्याच्या गुणवत्तेवर देखरेख आणली. २००१ च्या कायद्यानें नवे वाण काढणाराचा हक्क मान्य केला आणि त्याचबरोबर शेतकऱ्याला आपलें बीं ठेवण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचाही हक्क दिला. फक्त संरक्षित वाणाचें बीं छापील नांवानें विकण्यास मनाई केली. कायदा हक्क देऊं शकतो, पण विद्या देऊं शकत नाहीं. जो हक्क वापरण्याचें ज्ञानच उरलें नाहीं तो कागदावर राहतो.

तेव्हां शहरांतील सुशिक्षित कुटुंबानें यांत काय करावें? पुष्कळ करतां येईल, आणि तें अवघड नाहीं.

भेंडीपासून आरंभ करावा. परभणी क्रांतीसारखें सरळ वाण किंवा ओळखीच्या गांवांतून आणलेली गांवठी भेंडी निवडावी. विकतचें बीं औषध लावून रंगविलेलें असेल तर तें हाताळून हात धुवावेत व मुलांपासून दूर ठेवावें. टणक सालीमुळें बीं उशिरां रुजतें. म्हणून औषध न लावलेलें बीं रात्रभर पाण्यांत भिजवून दोन बोटें खोल पेरावें. जून-जुलै आणि जानेवारी-फेब्रुवारी हे पेरणीचे काळ. कडाक्याच्या थंडींत भेंडी रुजत नाहीं. आतां बीं धरण्याची गोष्ट. आपल्याकडे बहुधा असें होतें कीं, नजरचुकीनें झाडावर राहून जून झालेली भेंडी बियांसाठीं ठेवितात. हा निवडीचा उलटा प्रकार झाला. त्यांत सर्वांत चांगलें तें पोटांत जातें आणि उरलेसुरलें तें वंशाला लागतें. त्यापेक्षां हंगामाच्या आरंभींच, ज्याच्या पानांवर केवड्याचा मागमूस नाहीं आणि ज्याला भरपूर फळ आहे, असें एखाददुसरें झाड राखून ठेवावें. केवडा बियांतून येत नाहीं, असेंच सामान्यतः आढळलें आहे. पण केवड्याला बळी पडण्याचा स्वभाव मात्र बियांतून येतो. राखलेल्या झाडावर दोन वाणांची सरमिसळ नको असेल तर उद्यां उमलणारी कळी आदल्या सायंकाळीं पातळ कापडाच्या पिशवीनें झांकावी. फळ झाडावरच वाळून धारांवर उकलूं लागलें म्हणजे बीं काढून, सावलींत सुकवून, घट्ट झांकणाच्या बाटलींत ठेवावें.

कांद्याचें काम अधिक धीराचें. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत वाफ्यांत किंवा पसरट कुंडींत बीं पेरून, सहा-आठ आठवड्यांनीं रोपें वीतभर झालीं म्हणजे चार-चार बोटांच्या अंतरावर लावावींत. बीं घेतांना तें त्याच वर्षाचें आहे ना, हें अवश्य पाहावें. कांद्याच्या बियांचें आयुष्य अल्प असतें आणि साध्या हवेंत वर्षाभरानंतर तें फार थोडें उगवतें. कांहीं रोपांना कंद धरण्याआधींच डेंगळे येतात. त्यांचें बीं कितीही सहज मिळत असलें तरी धरूं नये, नाहींतर आपणच उतावळ्या कांद्याची जात वाढवूं. बियांसाठीं सांठवणींत शेवटपर्यंत टिकलेले, जोड नसलेले, बारीक मानेचे कांदे निवडून पुढच्या हिंवाळ्यांत लावावेत. दोन-चार कांद्यांवर वंश चालवूं गेल्यास तो झिजतो. वीस-पंचवीस तरी हवेत. एका गच्चीवर इतके मावत नाहींत. पण एका वाड्यांतील किंवा एका इमारतींतील पांच-सहा कुटुंबांनीं मिळून तें करणें शक्य आहे. फुलांवर मधमाश्या येतील तेव्हां औषध फवारूं नये. त्यांच्यावांचून बीं धरणार नाहीं.

पुसा सावनी, परभणी क्रांति, एन-५३ हीं नांवें नोंदलीं गेलीं, कारण तीं शास्त्रज्ञांनीं आणि संस्थांनीं दिलीं. ज्या शेंकडों गांवठी वाणांच्या आधारावर हीं उभीं राहिलीं त्यांना नांवें नव्हतीं. पुष्कळसे तर केवळ कोणी बीं धरलें नाहीं म्हणून संपले. लढाईंत हरलेल्या राज्याचा इतिहास निदान बखरींत उरतो. पेरणी चुकलेल्या वाणाचें कांहींच उरत नाहीं. घरांत बीं धरणें म्हणजे या लांबच लांब सांखळींतील एक कडी आपल्या हातांत घेणें आहे. त्याला मोठें शेत लागत नाहीं कीं पदवी लागत नाहीं. हातचें चांगलें आज न खातां उद्यांसाठीं राखावयाचें, आणि राखतांना डोळसपणें निवडावयाचें, एवढ्या दोन संवयींवर भेंडी नि कांदा इथपर्यंत आले. येत्या हंगामीं ज्यांना जमेल त्यांनीं निदान एक झाड राखावें, त्याच्या बाटलीवर वाणाचें नांव, गांव व साल लिहावें, आणि त्यांतलें चिमूटभर बीं शेजाऱ्याला द्यावें. कारण एकाच घरांत असलेलें बीं एका वाईट पावसाळ्यांत नाहींसें होऊं शकतें, दहा घरांत असलेलें सहसा होत नाहीं.